बांधाची गल्ली होते तेव्हा



नगरला आपण सगळेच जातो. कोणी नेप्तीच्या बाजारात कांदा घेऊन जातो, कोणी कचेरीत उताऱ्यासाठी, कोणी आजारी माणसाला दवाखान्यात दाखवायला, तर कोणी कापड बाजारात लग्नाचा बस्ता बांधायला. काम उरकले की मिळेल त्या गाडीने गाव गाठायचे, ही आपली रीत. शहर पाहायला म्हणून आपण तिथे जात नाही. पण पुढच्या खेपेला हाताशी तासभर असेल, तर माझे एक ऐका. माळीवाड्यापासून सावेडीपर्यंत पायी जा आणि वाटेत फक्त एक गोष्ट मोजा. प्रत्येक चौकात किती वाटा येऊन मिळतात? चार मिळाल्या तर चार, तीन मिळाल्या तर तीन. आणि गल्ली पुढे जाऊन कोणाच्या भिंतीला थांबली, तर एक.

यात काय मोठे, असे तुम्ही म्हणाल. पण त्या मोजणीत तुमच्या जमिनीचे आणि नातवंडांच्या पायपिटीचे भविष्य दडलेले आहे. कसे, ते सांगतो.

वेशीच्या आत

माळीवाड्याच्या वेशीतून आत शिरा. माणिक चौक, कापड बाजार, तेलीखुंट, चितळे रोड असे करत दिल्लीगेटला बाहेर पडा. 1490 मध्ये अहमद निजामशहाने निजामशाहीचा पाया घातला आणि सीनेच्या काठी, भिंगारजवळ, हे शहर वसविले. पुढे शहराला तट झाला, तटाला वेशी झाल्या. आज तट बहुतेक गेला आहे, पण माळीवाड्याची वेस आणि दिल्ली दरवाजा अजून उभे आहेत.

आतले रस्ते अरुंद आहेत. दोन हातगाड्या समोरासमोर आल्या, तर एकीला मागे सरावे लागते. कोणी दोरी लावून आखलेले हे रस्ते नाहीत. तरी एक गोष्ट ध्यानात येते. एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जायला तुम्हांला एकच वाट नाही. बाजारात गर्दी असेल तर शेजारच्या बोळाने जा, तिथे मांडव पडला असेल तर त्याच्या पलीकडच्या गल्लीने जा. वाड्यांच्या आत जाणारे काही बोळ पुढे बंद आहेत हे खरे, पण ते चार घरांपुरते. बाकी गल्ली गल्लीला मिळते. जुने शहर म्हणजे मासे धरायचे जाळे. एखादा धागा तुटला तरी बाकीचे धागे भार घेतात.

हे असे का झाले? कारण त्या काळी माणूस पायी चालत होता. पायी चालणाऱ्याला वळसा परवडत नाही. पखालवाला, तेली, सोनार, पूजा सांगणारे भटजी या सगळ्यांना घरोघर जायचे असे. वाट बंद केली तर शेजारी भांडत.

वेशीच्या बाहेर

आता दिल्लीगेटच्या बाहेर या. 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि नगरला रेल्वे आली. पुढे मोटारी आल्या. पुणे, मनमाड, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, दौंड, कल्याण, जामखेड, पाथर्डी अशा सगळ्या दिशांना नगरहून रस्ते फुटतात. शहर वाढले ते या रस्त्यांना धरून. भिंगारच्या अंगाला लष्कराची जमीन, पश्चिमेला सीनेचे पात्र. मग शहर लांबत गेले. मनमाड रस्त्याने सावेडी आणि नागापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे, पुणे रस्त्याने केडगावकडे. सावेडी, केडगाव, नागापूर, बोल्हेगाव ही एकेकाळची शेतीची गावे आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत. महानगरपालिका झाली 2003 मध्ये. 2011 च्या जनगणनेत तिच्या हद्दीत 3,50,859 माणसे मोजली गेली. 2024 मध्ये शहराचे नाव अहिल्यानगर झाले. या सगळ्या वाढीला जमीन लागली, आणि ती आपल्यासारख्या शेतकऱ्यांचीच होती.

सावेडीत पाइपलाइन रोडच्या किंवा भिस्तबागच्या बाजूला हिंडताना मोजणी चालू ठेवा. काही भागांत रस्ते चांगले आखलेले दिसतील. काही भागांत मात्र मोठ्या रस्त्यापासून आत गेलेली गल्ली सरळ जाते आणि एखाद्या कुंपणाशी थांबते. पलीकडे दुसरी वसाहत आहे, तिथल्या घरातला रेडिओ ऐकू येतो, पण तिथे जायला मात्र पुन्हा मोठ्या रस्त्यावर या, थोडे पुढे जा आणि परत आत शिरा. ते कुंपण बारकाईने पाहा. ते कुठून आले? तो एके काळचा बांध आहे! दोन गटांच्या मधला बांध. ज्याच्या कडेने आपण ज्वारीला पाणी धरले, तोच बांध आता भिंत होऊन बसला आहे. एका शेताचे प्लॉट एकाने पाडले, शेजारच्या शेताचे दुसऱ्याने, दहा वर्षांनी. दोघांनी आपापली गल्ली आपापल्या बांधापर्यंत नेली आणि तिथेच सोडली.

जरा हिशेब करू

जुन्या मोजणीतली साखळी 33 फुटांची. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, म्हणजे 1,089 चौरस फूट. समजा, रस्त्याला लागून ओळीने चार शेतकऱ्यांची एकेक एकराची शेते आहेत. प्रत्येक शेत रस्त्याच्या बाजूने चार साखळ्या, म्हणजे 132 फूट रुंद, आणि आत दहा साखळ्या, म्हणजे 330 फूट खोल. चौघांनी प्लॉट पाडले. प्रत्येकाने मधून एक गल्ली काढली, ती मागच्या बांधाला थांबली. कंगव्याला जसे दाते, तशा चार गल्ल्या.

आता पहिल्या शेताच्या टोकाच्या घरातली म्हातारी शेजारच्या शेताच्या टोकाला राहणाऱ्या लेकीकडे निघाली. कावळा उडाला तर अंतर 132 फूट. म्हातारीला मात्र 330 फूट रस्त्यापर्यंत, 132 फूट रस्त्यावरून आणि परत 330 फूट आत, असे 792 फूट चालायचे. सहापट! आणि त्यातला मधला तुकडा ट्रक-मोटारींच्या रस्त्यावरचा.

चौघांनी आपापसांत बोलून मागच्या अंगाला 30 फुटांची एक आडवी गल्ली सोडली असती तर? प्रत्येकाच्या हिश्श्याला 132 फूट लांबी येते. त्यातली 30 फूट लांबीची जागा, जिथे त्याची स्वतःची गल्ली येऊन मिळते, ती तशीही रस्त्यातच गेली असती. राहिली 102 गुणिले 30, म्हणजे 3,060 चौरस फूट. तीन गुंठ्यांहूनही कमी. चाळीस गुंठ्यांत तीन गुंठे. तेवढ्यात कंगव्याचे जाळे झाले असते. शिवाय ती गल्ली पुढेमागे पाचव्या आणि सहाव्या शेतालाही जाऊन मिळाली असती.

कोणी म्हणेल, आपल्या पाटाची रचनाही फांद्यांचीच असते. कालवा, वितरिका, चारी, पोटचारी, आणि शेवटी शेत. तिथे कुठे जाळे असते? प्रश्न रास्त आहे. पण पाटाचे पाणी एकाच दिशेने वाहते, वरून खाली. त्याला परत यायचे नसते, शेजारच्या चारीत जायचे नसते. माणूस मात्र सकाळी शाळेत, दुपारी दळणाला, संध्याकाळी देवळात, असा चहूकडे जातो. पाण्याला फांदी पुरते, माणसाला जाळे लागते. आणि पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याचे हाल काय होतात, हे तर तुम्हांला मी सांगायला नकोच.

बंद टोकाचा त्रास नळालाही होतो. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना हे पटेल. नळीच्या शेवटच्या टोकाला गाळ साचतो, म्हणून टोपण काढून ती अधूनमधून धुवावी लागते. पिण्याच्या पाण्याची वाहिनी रस्त्याखालून जाते. रस्ता बंद, तर वाहिनीचे टोकही बंद. तिथे पाणी साचून राहते आणि दाबही कमी पडतो. दोन्हीकडून जोडलेल्या वाहिनीत पाणी खेळते राहते, आणि एका जागी फुटली तरी दुसऱ्या बाजूने पाणी देता येते.

जगात काय चालले आहे

ही गोष्ट एकट्या नगरची नाही. कॅनडातील ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अमेरिकेतील अॅडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी आपण माळीवाड्यापासून केली तशीच मोजणी साऱ्या जगाची केली. 2015 मध्ये त्यांनी अमेरिकेचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि 2020 मध्ये जगाचा. नकाशावर आलेले सुमारे 4 कोटी 60 लाख किलोमीटर रस्ते त्यांनी संगणकाने तपासले. कोठे चार वाटा मिळतात, कोठे तीन, कोठे वाट संपते, एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला किती वळसा पडतो, हे पाहिले.

त्यांना काय आढळले? 1975 पासून पुढे जगाच्या मोठ्या भागात नव्या वस्त्यांचे रस्ते एकमेकांपासून तुटत चालले आहेत. आग्नेय आशियात तर ही तुटातूट फारच वेगाने होत आहे. फाटक लावून बंद केलेल्या वसाहती हे तिथले एक कारण. उलट अर्जेंटिना, बोलिव्हिया, पेरू या दक्षिण अमेरिकेतील देशांत नव्या वस्त्याही बऱ्याचशा जुन्या चौकटीच्या आखणीनेच वाढतात. अमेरिकेत मोटारगाडीच्या जोरावर शहरे पसरली, आणि रस्त्यांची तुटातूट 1994 च्या सुमारास शिगेला पोहोचली. त्यानंतर मात्र तिथे नव्या वस्त्यांचे रस्ते पुन्हा जोडले जाऊ लागले. म्हणजे हे काही दैवाचे लिहिणे नव्हे. लोकांनी मनावर घेतले तर बदलते.

पण त्यांच्या सांगण्यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही, की रस्ता एकदा पडला की तो हलत नाही. घर पडते, नवे होते. दुकानाचे मालक बदलतात. राज्येसुद्धा बदलतात. आपल्या नगरातच पाहा ना. निजामशाही गेली, मोगल गेले, पेशवाई गेली, इंग्रज गेले, तट गेला, पण दिल्ली दरवाजातून लोक अजून येतात-जातात. मग आज तुमच्या शेतात पडलेली वाकडी, बंद गल्लीही तितकीच टिकणार. दोनशे लोकांनी तिथे घरे बांधल्यावर तीन गुंठे कोण परत देईल?

याचा मार शेतकऱ्यालाही

तुम्ही म्हणाल, आम्ही जमीन विकणारच नाही, आम्हांला काय त्याचे? हिवरे बाजारच्या ग्रामसभेने गावाची जमीन बाहेरच्याला न विकण्याचे ठरविले, तसा निर्धार करणारे गाव धन्यच. पण शेजाऱ्याने विकली तर? रस्त्याकडेच्या शेताचे आधी प्लॉट पडतात, मागचा शेतकरी मागे राहतो. पूर्वी त्याची बैलगाडी शेजाऱ्याच्या बांधावरून जात असे. नाते होते, बोलणे होते. प्लॉट घेणाऱ्याला ते नाते माहीत नसते. तो भिंत घालतो, आणि त्याच्या दृष्टीने ते रास्तही असते, कारण त्याच्या कागदावर वाट नाही. मग मागच्याच्या शेतातला ऊस निघेना, मळणीयंत्र आत जाईना, कांद्याची गाडी भरायला गोण्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत. शेवटी कंटाळून तो मिळेल त्या भावाने जमीन देतो. माझ्या नोकरीत शेते पडीक राहण्याची कारणे मी पुष्कळ पाहिली. पाणी नाही, मजूर नाही, ही तर आहेतच. पण वाट नाही म्हणून पडीक, हे कारण शहराच्या कडेला हमखास सापडते.

एकाच वाटेवर भिस्त ठेवली की काय होते, ते कल्याण रस्त्याकडच्या वसाहतींनी अनेक पावसाळ्यांत सोसले आहे. सीनेला पूर आला, पुलावर पाणी चढले, की पलीकडच्या लोकांचे शहराशी येणे-जाणे अडे. दुसरी वाट हाताशी असणे म्हणजे काय, ते अशा वेळी कळते.

बंद गल्ली बरी, असेही लोक म्हणतात

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बंद गल्लीत गाड्यांची वर्दळ नसते. पोरे दारात खेळतात, परका माणूस आला तर लगेच कळतो. म्हणून असे प्लॉट लोक आवडीने घेतात. यात खोटे काही नाही. पण त्याला उपाय आहे. गाडी अडवा, माणूस अडवू नका. गल्लीच्या टोकाला दोन दगड रोवून पायी आणि सायकलने जाण्यापुरती बोळकांडी ठेवली, तरी शाळेतल्या मुलींचा वळसा वाचतो आणि गल्लीही शांत राहते. युरोपातील काही देशांत अशा पायवाटा मुद्दाम ठेवतात. आपल्या गावठाणातही दोन घरांमधून अशी बोळ असतेच.

मग करायचे काय?

पहिले काम, गावचा नकाशा पाहा. त्यावर शिवरस्ते, गाडीरस्ते, पायवाटा दाखविलेल्या असतात. आपल्या गटाजवळून कोणती वाट जाते आणि ती जागेवर आहे की कोणी नांगरून टाकली, हे ताडून पाहा. पाणंद बांधाबांधाने कोरली गेली असेल, तर त्यात आपलाही नांगर असू शकतो, हे मनाशी कबूल करा.

दुसरे काम, वाट अडली तर वेळ घालवू नका. पूर्वापार वहिवाटीचा रस्ता कोणी अडविला, तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 प्रमाणे तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाट मुळातच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 143 प्रमाणे बांधावरून वाट मागता येते. खरी गरज आहे काय आणि शेजाऱ्याचे कमीत कमी नुकसान कोठून होईल, हे तहसीलदार पाहतात. 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेतून पाणंदी पक्क्या करण्याचीही सोय झाली.

तिसरे, वाटणीच्या वेळी आधी वाट काढा, मग वाटे पाडा. भाऊ-भाऊ एकत्र असताना जी वाट हसतखेळत निघते, ती पुढे पुतण्यांच्या काळात कोर्टातूनही निघत नाही. आणि निघालेली वाट नुसती तोंडी ठेवू नका. वाटणीपत्रात लिहा, नकाशा जोडा, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तिची नोंद करून घ्या. तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, त्यासाठी भेटा.

चौथे, विकायचीच वेळ आली तर गुंठा-गुंठा तोडून विकू नका. रीतसर रेखांकन मंजूर करून घ्या, आणि रेखांकन करताना शेजारच्या गटाला विचारा, की तुझी गल्ली कोठे येणार? माझी तिथेच आणून सोडतो. बांधावर थांबलेल्या दोन गल्ल्या समोरासमोर आल्या, तर पुढे त्यांचा एक रस्ता होऊ शकतो. वीस फूट इकडेतिकडे झाल्या, तर जन्मात होत नाही. गुंठेवारीत झालेली घरे नियमित करण्यासाठी शासनाला 2001 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. घरे कागदावर नियमित होतात, रस्ते मात्र कागदाने रुंद होत नाहीत.

पाचवे, एकटे उभे राहू नका. मुंबई इलाख्यात 1915 मध्येच नगररचनेचा कायदा झाला आणि आज 1966 च्या कायद्यात नगररचना योजनेची तरतूद आहे. तिचा गाभा साधा आहे. सगळ्यांच्या जमिनी क्षणभर एक धरायच्या, रस्ते, शाळा, मैदान यांची जागा काढायची आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या तुकड्यांत ज्याची त्याला परत द्यायची. क्षेत्र थोडे घटते, पण प्रत्येकाच्या तुकड्याला रस्ता लागतो आणि मोल वाढते. पुण्याजवळ हडपसरला सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र ठेवून मगरपट्टा उभे केले, जमीन विकून मोकळे झाले नाहीत. तेवढे मोठे काम सर्वांना जमेल असे नाही. पण चार बांधकऱ्यांनी एका झाडाखाली बसून एक आडवी गल्ली ठरविणे, हे कोणत्याही गावात जमण्यासारखे आहे.

मायभगिनींना वेगळे सांगणे आहे. जमिनीचा व्यवहार घरातले पुरुष ठरवतात, पण वळसा पडतो तो तुम्हांला आणि लेकरांना. हंडा घेऊन, आजाऱ्याला घेऊन, शाळेचे दप्तर घेऊन चालायचे कोणाला, हे तुम्हांला ठाऊक आहे. तेव्हा कागदावर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: ही वाट पुढे कोठे जाते? उत्तर मिळाले नाही तर सही थांबवा.

शहर आपल्या शिवाराकडे येणार, ते आपण रोखू शकू असे नाही. पण ते कोणत्या वाटेने येईल, हे अजून काही वर्षे तरी आपल्या बांधावर ठरणार आहे. शेजाऱ्याशी बोलणे होत असेल, तर या आठवड्यातच बोला. नसेल होत, तर त्याला या निमित्ताने चहाला बोलवा.